हिरड्यांसाठी माउथवॉश: वनौषधींचे की रासायनिक?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ६८ आहे. हिरड्यांतून रक्त येत असल्यामुळे दंतवैद्यांनी दात साफ करून क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश दोन आठवड्यांसाठी दिले होते. बरे वाटले म्हणून त्यांनी ते तीन महिने चालू ठेवले. आता दातांवर तपकिरी डाग पडले आहेत आणि जेवणाची चव लागत नाही. त्याऐवजी रसायने नसलेले वनौषधींचे माउथवॉश किंवा त्रिफळ्याचा काढा वापरावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : डाग आणि चवीतील बदल हे क्लोरहेक्सिडिनचे सर्वज्ञात दुष्परिणाम आहेत. हे द्रव्य दातांना व तोंडाच्या अस्तराला चिकटून राहते आणि तेथून कित्येक तास सावकाश सुटत जंतूंना रोखते. त्याची ताकद या चिकटपणात आहे आणि चहा-कॉफीचे रंगद्रव्य दातांवर पक्के बसण्याचे कारणही तेच. म्हणून ते ठरावीक मुदतीचे औषध मानावे. आता ते बंद करावे. चव सहसा पूर्ववत होते. डाग मात्र ब्रशने निघाले नाहीत तर दंतवैद्यांकडून काढून घ्यावे लागतील. पुन्हा कधी ते वापरण्याची वेळ आली, तर दात घासल्यानंतर निदान अर्धा तास थांबावे, कारण टूथपेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम घटतो.

‘रसायने नसलेले’ या शब्दांवर फार विसंबू नये. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कित्येक ‘रासायनिक’ माउथवॉशमधील थायमॉल हा आपल्या ओव्यातलाच घटक आहे, तर वनौषधींच्या बाटलीतही टिकाऊपणासाठी इतर द्रव्ये घातलेली असू शकतात. त्यामुळे बाटलीवरील पानाफुलांच्या चित्रापेक्षा मागची घटकांची यादी वाचावी. तोंड कोरडे पडत असेल, आणि या वयात ते पुष्कळदा पडते, तर अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळलेले बरे.

त्रिफळ्याच्या गुळण्यांबाबत आपल्याकडे झालेल्या काही छोट्या चाचण्यांत दातांवरचा जंतूंचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झाल्याचे, कधी कधी क्लोरहेक्सिडिनच्या जवळपास, आढळले आहे. परंतु या चाचण्यांतील रुग्ण थोडे आणि मुदत अल्प असल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर किंवा तीव्र दाहात मी त्रिफळ्यावर भिस्त ठेवणार नाही. रोजच्या वापरासाठी गाळलेला, कोमट काढा घेण्यास सहसा हरकत नाही; तो रोज ताजा करावा आणि गुळण्या करून थुंकून टाकावा. त्याच्या तुरटपणामागे टॅनिन असते आणि तेही दातांवर थोडा रंग चढवू शकते, एवढे लक्षात असू द्यावे.

दातांवर घट्ट बसलेले किटण मात्र कोणत्याही गुळण्यांनी निघत नाही. सफाईनंतरही रक्त येत असेल, तर दंतवैद्यांना पुन्हा दाखवावे, सासूबाईंची रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास तेही त्यांना सांगावे; मात्र त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.