35 दिवस पुण्यात, पुढचे बुधवार लीड्समध्ये

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहणाऱ्या एका ताईंचे पत्र आले आहे. यजमान रोज रात्री अर्धी बाटली व्हिस्की घेतात आणि अलीकडे सुट्टीच्या दिवशी सकाळीच सुरुवात होते. एप्रिलमध्ये मुलाच्या मुंजीसाठी सगळे पुण्याला येणार आहेत, तेव्हा "त्याला इथेच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू, 35 दिवसांत माणूस सुधारतो आणि तिकडे कुणाला कळतही नाही," असे सासूबाईंचे म्हणणे आहे. ताईंचा प्रश्न एका ओळीचा आहे: आणू का?

ताई, आणू नका असे मी म्हणणार नाही. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर सुरू केलेल्या मुक्तांगणने अनेक घरे सावरली आहेत. मात्र 35 दिवस संपले की तुमचे यजमान त्याच घरात, त्याच कोपऱ्यावरच्या दुकानासमोर परत येणार आहेत. पुण्याचा माणूस उपचारानंतर पाठपुराव्यासाठी पुन्हा केंद्रात जाऊ शकतो, पण लीड्सहून ते कसे जमणार? म्हणून पुण्यात दाखल करायचे की नाही हे नंतर ठरवा, आणि दर आठवड्याला, समजा दर बुधवारी, चालत जाता येईल असा दारू सोडणाऱ्यांचा गट आधी तुमच्या गावात शोधा.

त्याहूनही आधी डॉक्टरांकडे जा. इतकी वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. लांबचा विमानप्रवास आणि त्यानंतर दारू न मिळणारे मुंजीचे घर, असा हिशेब केला तर नेमका मुंजीचाच दिवस धोक्याचा ठरू शकतो. तेव्हा बाटली बेसिनमध्ये ओतून टाकण्याचा मोह आवरा आणि तुमच्या जीपींना, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरांना, खरा आकडा सांगा.

गट शोधणे सोपे आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संघटना आहे आणि तिच्या ब्रिटनमधल्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की जवळच्या सभांचे वार आणि वेळा दिसतात. 'क्लोज्ड' सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते, तर 'ओपन' सभेला तुम्हीही सोबत जाऊ शकता. फी नसते, सभासदांची नोंदवही नसते, त्यामुळे नोकरीत किंवा व्हिसात अडचण येईल ही भीती बाळगू नका. सभा बहुधा चर्चच्या खोलीत भरते, हे सासूबाईंना खटकेल. ती खोली भाड्याची असते, आणि ए.ए.च्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांमधला ईश्वर 'आम्हाला उमगला तसा' आहे, त्यामुळे तो विठोबा असला तरी कुणाची हरकत नाही.

माझ्या थोरल्या भावाला मी पहिल्यांदा पुण्यातल्या एका ओपन सभेला घेऊन गेलो, तेव्हा ती शाळेच्या वर्गात भरली होती. बाक इतके बुटके होते की सगळ्यांचे गुडघे वर आलेले, आणि समोरचे एक गृहस्थ चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते. भाऊ दाराजवळ बसला आणि तासभर त्याने हेल्मेट मांडीवरून खाली ठेवले नाही (पुण्यात हेल्मेट डोक्यावर असण्यापेक्षा मांडीवरच अधिक असते, हा भाग वेगळा). त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आज फक्त ऐकतो." कुणीही आग्रह केला नाही आणि पुढचा माणूस बोलू लागला. तिसऱ्या सभेच्या वेळी हेल्मेट बाहेर गाडीलाच अडकवलेले होते. एप्रिलमध्ये यजमानांना इथल्या अशा एखाद्या मराठी सभेला अवश्य न्या, कारण परक्या भाषेत जे कबूल करताना जीभ अडते, ते आपल्या भाषेत दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की लीड्समधल्या खोलीत शिरणे थोडे हलके होते.

यजमान नाहीच म्हणाले तर? तरीही तुम्ही जा. मद्यासक्तांच्या नातेवाइकांसाठी 1951 पासून अल्-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे आणि तिथे जायला पिणाऱ्याची संमती लागत नाही. पुण्यातही मुक्तांगणने पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला आहे. दर सोमवारी साहेबांना फोन करून "त्यांना ताप आहे" असे सांगण्याचे काम तुम्ही किती काळ करत आहात, हे त्या खोलीत कुणी विचारणार नाही, कारण तिथल्या बहुतेक जणींनी तेच केलेले असते. तो फोन मात्र आता थांबवा.

राहता राहिली मुंज. आदल्या रात्री वरच्या खोलीत मेहुण्यांची जी 'बैठक' बसते, ती या वेळी होणार नाही, हे धाकट्या दिरांना आत्ताच फोनवर सांगून टाका. कारण विचारले तर तुमचे नाव पुढे न करता यजमानांनाच फोन द्या.