राजपुत्राची सावली आली कुठून?

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या संगणकीय खेळाविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. दुष्ट वजीर जाफर याने कैदेत ठेवलेल्या राजकन्येला सोडवण्यासाठी एका तरुणाने तळघरातून मनोऱ्यापर्यंत साठ मिनिटांत पोहोचायचे, एवढेच या खेळाचे कथानक आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : नव्वदच्या दशकात शाळेच्या संगणक कक्षात आम्ही हा खेळ खेळत असू. चित्रे साधीच होती, पण राजपुत्र धावू लागला की खराच माणूस धावतो आहे असे वाटे. इतक्या दुबळ्या संगणकावर हे कसे साधले असेल? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्याला तसे वाटे, कारण धावणारा खराच माणूस होता. हा खेळ जॉर्डन मेक्नर यांनी जवळजवळ एकट्याने लिहिला. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी ‘कराटेका’ हा खेळ तयार केला होता आणि कॅलिफोर्नियातील ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८४ मध्ये बाजारात आणला होता. नव्या खेळासाठी १९८५ मध्ये त्यांनी आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि कठड्यावर चढायला लावले व त्याचे व्हिडिओ चित्रण केले.

खरे कष्ट त्यानंतरचे होते. टीव्हीच्या पडद्यावर चित्रफीत एकेका चौकटीवर थांबवायची, कॅमेऱ्याने त्या पडद्याचा फोटो काढायचा, फोटो धुऊन आले की काळ्या मार्करने आणि खोडायच्या पांढऱ्या शाईने त्यातली फक्त मानवी आकृती ठळक उरेल असे रंगवायचे, त्याची झेरॉक्स काढायची आणि मग ती आकृती संगणकात उतरवून ठिपका ठिपका साफ करायची, असा हा उद्योग होता. तलवारबाजीसाठी त्यांनी १९३८ च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातील एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांच्या अखेरच्या द्वंद्वाचा आधार घेतला. त्या प्रसंगात दोघे योद्धे काही सेकंदच बाजूने स्वच्छ दिसतात, पण तेवढे सेकंद त्यांना पुरले.

मात्र नुसत्या चित्रणाने ही किमया झाली नसती, असे माझे मत आहे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मध्ये खेळाडू हवेतल्या हवेत नायकाची दिशा बदलू शकतो. मेक्नर यांच्या राजपुत्राला तशी मुभा नाही. तो धावताना वेग घ्यायला दोन पावले घेतो, वळायचे झाले तर आधी पाय रोवून थांबतो, आणि एकदा उडी घेतली की ती पुरी होईपर्यंत आपल्या हाती काही उरत नाही. एक मजला खाली पडला तर तो सावरतो, दोन मजल्यांवरून पडला तर त्याला इजा होते आणि तीन मजल्यांवरून पडला तर तो जिवंत राहत नाही. देहाला वजन आहे आणि पडले की लागते, हे खेळाडूच्या बोटांना समजते. त्यामुळे प्रत्येक खड्ड्यापुढे उभे राहिल्यावर जी धास्ती वाटते, ती चित्रे कितीही सरस केली तरी निव्वळ त्यांच्या बळावर निर्माण होणारी नव्हे.

प्रश्न : चौथ्या लेव्हलमध्ये राजपुत्र आरशात उडी मारतो आणि पलीकडून त्याची सावली निसटते. पुढे ती सतत आडवी येते. ही कल्पना अरबी कथांमधून घेतली आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खेळाचे वातावरण अरबी कथांचे आहे हे खरे, परंतु सावलीचा जन्म संगणकाच्या अपुऱ्या स्मृतीमधून झाला आहे, आणि मला स्वतःला या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

मेक्नर हा खेळ अ‍ॅपल टू या संगणकासाठी लिहीत होते. त्याची सारी स्मृती आजच्या मोबाइलवर काढलेल्या एका फोटोलाही पुरणार नाही, इतकी कमी होती, आणि तिच्यातला मोठा वाटा राजपुत्राच्या हालचालींनीच व्यापला होता. मुळात या खेळात लढाई नव्हतीच. सापळे, सटकणाऱ्या फरशा आणि जमिनीतून उसळणारे सुळे यांच्याशीच सामना होता. टोमी पियर्स या त्यांच्या सहकारी मैत्रिणीने मात्र खेळात लढाई हवीच असा आग्रह धरला. दुसऱ्या पात्राची चित्रे ठेवायला जागाच नाही, ही मेक्नर यांची अडचण खरी होती. तेव्हा राजपुत्राचीच आकृती घेऊन, ती एका ठिपक्याने सरकवून पुन्हा तिच्यावरच गणिती क्रियेने चढवली, तर पडद्यावर एक थरथरणारी, भुतासारखी आकृती उमटते आणि तिला वेगळी जागा लागत नाही, असा मार्ग निघाला. पुढे काटकसर करून पहारेकऱ्यांनाही जागा मिळाली, पण पहिला प्रतिस्पर्धी ठरली ती सावलीच.

या तांत्रिक युक्तीला मेक्नर यांनी कथेत किती नेमके स्थान दिले, तेही पाहण्यासारखे आहे. सावली पाचव्या लेव्हलमध्ये आपली औषधाची कुपी पिऊन टाकते, सहाव्या लेव्हलमध्ये ऐन वेळी दार बंद करून आपल्याला खाली पाडते, आणि बाराव्या लेव्हलमध्ये तलवार उपसून समोर उभी राहते. तेथे तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत गेल्यावरच दोघे एकरूप होतात आणि पुढचा रस्ता मोकळा होतो. तोवर शत्रू दिसला की तलवार उपसायची सवय खेळाने आपल्याला लावलेली असते, आणि ती सवय सोडून देण्याची हिंमत तो येथे मागतो. एक अक्षरही न लिहिता एवढे सांगणारे खेळ त्या काळात फार थोडे होते.

प्रश्न : हा खेळ आला तसा लगेच गाजला का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : समीक्षकांनी कौतुक केले, पण ग्राहकांनी पाठ फिरवली. १९८९ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा अ‍ॅपल टू संगणकाची सद्दी संपत आली होती. जुलै १९९० पर्यंत अमेरिकेत अ‍ॅपल टू आणि पीसी या दोन्ही आवृत्त्यांच्या प्रत्येकी सुमारे ७,००० प्रतीच खपल्या. चार वर्षांच्या मेहनतीच्या मानाने हे अपयशच म्हणावे लागेल. दैव फिरले ते जपानमध्ये. त्याच वर्षी तेथे एनईसी कंपनीच्या संगणकावरील आवृत्ती बाजारात येताच हातोहात खपली, युरोपातही मागणी वाढली, आणि १९९२ मध्ये मॅकिंटॉशची देखणी आवृत्ती निघाल्यावर अमेरिकेनेही दखल घेतली. १९९३ मध्ये दुसरा भाग येईपर्यंत एकूण खप २० लाखांच्या घरात गेला होता.

आपल्याकडे तो अनेकांना एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर असाच मिळाला. पीसी आवृत्तीत पहिली लेव्हल संपल्यावर अक्षरे लिहिलेल्या कुप्यांची एक खोली लागते, ती कोड्यासाठी नव्हतीच. सोबतच्या छापील पुस्तिकेत पाहून योग्य अक्षराची कुपी प्यायची, म्हणजे खेळ विकत घेतल्याची खातरजमा होई.

प्रश्न : मूळ प्रोग्रॅम हरवला होता, असे वाचले. ते खरे आहे का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : होय. अ‍ॅपल टू वरील मूळ लिखाण मेक्नर यांना अनेक वर्षे सापडत नव्हते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातील कपाटात साडेतीन इंची फ्लॉप्या मिळाल्या. हे वडील म्हणजे फ्रान्सिस मेक्नर, ज्यांनी या खेळाचे संगीत रचले होते. जुन्या फ्लॉप्यांवरील मजकूर वाचू शकणाऱ्या जाणकारांच्या मदतीने ते लिखाण सुखरूप काढण्यात आले आणि मेक्नर यांनी ते त्याच वर्षी सर्वांसाठी खुले केले. त्यांच्या औदार्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला हा खेळ द्यावा का, आणि दिला तर कोणती आवृत्ती द्यावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जरूर द्यावा, मात्र सुळे आणि कात्रीसारखी पाती राजपुत्राला ठार करतात ते दृश्य तिच्यासोबत आधी एकदा आपण पाहावे. सुपर निन्टेन्डोवरील १९९२ ची आवृत्ती वीस लेव्हलची व दोन तासांची आहे आणि ती सुंदरही आहे, तरी सुरुवात पीसीवरील मूळ आवृत्तीनेच करावी. शिफ्टचे बटण दाबून जपून पाऊल कसे टाकायचे, ते तिला पहिल्याच दिवशी शिकवावे, कारण त्या चालीने सुळ्यांमधूनही सुखरूप जाता येते. राजपुत्र मेला तरी घड्याळ थांबत नाही, त्यामुळे पहिले काही दिवस वेळेकडे दुर्लक्ष करून केवळ वाटा पाहू द्याव्यात. तिसऱ्या लेव्हलपासून खेळ साठवून ठेवता येतो.