रात्री जाग का येते?

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांची, मुलुंडला राहते. सात महिन्यांपूर्वी नाकाची प्लास्टिक सर्जरी केली. शेंडा अजून जाडच दिसतो. लोकलमध्ये समोरची बाई माझ्या नाकाकडेच बघतेय असं वाटतं. रात्री घसा कोरडा पडून जाग येते, की उठून आरशासमोर उभी राहते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर फोटो बघून ‘अजून बारीक करून देतो’ म्हटलंय. दादा पैसे द्यायला तयार आहे. करू का?

उत्तर: अगं, शेंड्याचं एवढं लिहिलंस आणि कोरड्या घशाचं जाता जाता! तोंड उघडं टाकून झोपतेस तू. ऑपरेशनआधीही असंच होतं? नसेल, तर आधी श्वासाचं बघायला हवं.

गालावर, नाकाच्या अगदी कडेला बोट ठेव, गाल हलकेच कानाकडे ओढ आणि श्वास घे. एकदम मोकळं वाटलं, तर आतली वाट अरुंद झाल्याची शंका घ्यायला जागा आहे. तसं असेल, तर ‘अजून बारीक’ करून श्वास आणखी कोंडेल. तिथे उलट आधार द्यावा लागतो, त्याला कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, लागते. नाकाच्या पडद्यातली पहिल्या वेळीच वापरली असेल, तर कानातून किंवा बरगडीतून काढतात. फोटोत यातलं काय दिसलं त्या डॉक्टरांना? आत न डोकावता ‘करून देतो’ म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक कर.

शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, त्वचा जाड असेल तर जास्तच. सातव्या महिन्यात कसला निकाल लावतेस? (आणि फोन तोंडाजवळ धरून सेल्फी काढला, की कुणाचंही नाक मोठंच दिसतं.)

दादाचं मला काही कौतुक नाही. पैसे देऊन मोकळा होतोय. एक दिवस रजा टाकून तुझ्यासोबत चल म्हणावं.

कुठे? सायन हॉस्पिटलच्या ईएनटी ओपीडीत, याच आठवड्यात. त्याआधी पहिल्या सर्जनकडे ऑपरेशनच्या नोंदी लेखी माग. २००२ च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. कुरकुर केली तर हे ऐकव. सकाळी लवकर नीघ, केसपेपरलाच मोठी रांग असते. आणि डॉक्टरांसमोर बसलीस की पहिलं वाक्य घशाचं. शेंड्याचं त्यांनी विचारलं तरच.