सोपाऱ्याची मुंबई का झाली नाही?

प्रश्न : आमच्या सोपाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी जहाजं लागत, असं मुलगा अभ्यासात वाचतो. मग आज आम्हीच पहाटेची लोकल पकडून मुंबईला का जातो? इथलं बंदर का संपलं?
– एक वाचक, नालासोपारा

उत्तर : मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी नववीच्या मुलांना भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणजवळच्या मोऱ्याला नेत असे. एकदा ऐन ओहोटीत पोहोचलो. धक्का समोर दिसतोय आणि लाँच गाळात रुतलेली! पाणी चढेपर्यंत बसून राहिलो. गाळ बंदराचं काय करतो, हे मुलांना त्या दिवशी कळलं. तुमच्या सोपाऱ्याची खाडी अशीच भरत गेली, आणि जहाजं तर मोठी होत चालली होती.

मुंबईच्या पूर्वेला मात्र खोल आणि आडोशाचं पाणी आहे. पण नुसत्या बंदराने शहर वाढत नाही, त्याच्या पाठीमागे मुलूख लागतो. १६६८ साली ही बेटं वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली, तरी पुढची कित्येक दशकं मोठा व्यापार सुरतेलाच होता. सुरतेमागे तापीचं सपाट खोरं, मुंबईमागे सह्याद्रीची भिंत. सोपारा-कल्याण नांदले तेही ही भिंत ओलांडणाऱ्या नाणेघाटाच्या वाटेच्या जिवावर. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे.

बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाला. १८५३ची ठाण्याची रेल्वे सपाटीवरची, खरी कसोटी घाटाची होती. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली, १८६५ साली थळघाट. त्या कामात हजारो मजूर गेले, कितीतरी पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने. त्यांची आठवण काढल्याशिवाय मी हा धडा कधी शिकवला नाही.

नेमक्या त्याच वर्षांत, १८६१ ते ६५, अमेरिकेत यादवी पेटली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. आपल्याकडे खानदेश-वऱ्हाडात बेसॉल्ट झिजून झालेली, ओल धरून ठेवणारी काळी माती. तिथला कापूस मुंबईकडे धावू लागला.

माझे वडील कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गासड्यांचं वजन करायचे. संध्याकाळी आई उंबऱ्यातच त्यांचा सदरा झटकायची आणि कापसाचे तंतू उडायचे. "आज कुठला?" मी विचारायचे. "अकोल्याचा," नाहीतर "जळगावचा." ही गावं मी नकाशाआधी त्या सदऱ्यावर पाहिली.

तुमच्या गावातला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना सापडला. तो आता मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. एखाद्या रविवारी मुलाला घेऊन जा. चर्चगेटला उतरलात की चालत जाता येतं.