योगवर्गात पूरक, कुंभक, रेचक, पश्चिमोत्तान असे शब्द सतत येतात. त्यांचा नेमका अर्थ काय?
पहिले तिन्ही शब्द श्वासाचे. पूरक म्हणजे भरणारा: श्वास आत घेणं. रेचक म्हणजे रिकामा करणारा: श्वास सोडणं. (हो, पोट साफ करायचं रेचकही त्याच 'रिच्' धातूतून आलंय, रिकामं करायची जागा तेवढी वेगळी!) कुंभक आला कुंभावरून, म्हणजे घड्यावरून. काठोकाठ भरलेल्या घड्यात पाणी डचमळत नाही, तसा श्वास आत थांबवायचा. श्वास सोडून थांबलात तर तो बाह्यकुंभक. रक्तदाबाचा त्रास असेल तर कुंभक मनाने करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

पश्चिमोत्तानात मराठी माणूस दोनदा फसतो. इथे पश्चिम म्हणजे अंगाची मागची बाजू; पूर्वेकडे तोंड करून बसलं की पाठ पश्चिमेलाच येते ना! आणि उत्तान म्हणजे ताणलेलं, आपल्याकडे तो शब्द भलत्याच अर्थाने रुळलाय. पाय पसरून पुढे वाका, अंगठे धरा. मांड्यांच्या मागून पाठीपर्यंत ओढ बसली की नाव आपोआप कळतं. उत्तानपादासनात तोच ताण पायांना, पाद म्हणजे पाय.