साठ ट्रेक झाले म्हणतेस, पण मोजायचे कुठले?

प्रश्न : ताई नमस्कार, मी भांडुपची, वय १९, बीएमएस सेकंड इयर. अकरावीपासून ट्रेकला जाते, आतापर्यंत साठेक झाले असतील, गेल्या पावसाळ्यापासून एका ग्रुपबरोबर व्हॉलंटियर म्हणून पण जाते, म्हणजे ते पैसे नाही देत पण आपला ट्रेक फुकट पडतो. मला बीएमएस झालं की इंग्लंडला आउटडोअर लीडरशिपची डिग्री करायचीय, तिथे खरंच युनिव्हर्सिटीत हा विषय असतो, मी सगळं बघून ठेवलंय. घरी सांगितलं तर बाबा तीन दिवस बोललेच नाहीत आणि चौथ्या दिवशी म्हणाले, डोंगरात फिरायला डिग्री लागत असती तर महाराजांचे मावळे नापास झाले असते. आता यावर काय बोलणार? तुम्हीच सांगा, जाऊ का?

उत्तर : बाबांचा डायलॉग भारी आहे, मी इथे दोघातिघांना ऐकवला पण. फक्त त्यांना एवढं सांग की मावळे त्या डोंगरातच जन्मलेले होते, पहाटेची कसारा लोकल पकडून आलेल्या, नवे कोरे शूज घातलेल्या पस्तीस अनोळखी लोकांना घेऊन ते चालले नव्हते. तू ते करायचं म्हणतेयस, आणि ते वेगळं काम आहे.

विषय असतो हे अगदी खरं. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ॲम्बलसाइड म्हणून गाव आहे, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ कम्ब्रियाचा कॅम्पस आहे आणि हा विषय तिथे शिकवतात. कॅनडात कॅमलूप्सला थॉम्प्सन रिव्हर्स युनिव्हर्सिटीत ॲडव्हेंचर गाइडिंग शिकवतात. अमेरिकेत नोल्स आहे, ती युनिव्हर्सिटी नाही, शाळा आहे, १९६५ला पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने वायोमिंगमधल्या लँडर गावी काढली, हा माणूस १९३८च्या अमेरिकन के-टू (जगातलं दोन नंबरचं उंच शिखर) मोहिमेत होता. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की चढणारे खूप आहेत, लोकांना सांभाळून नेणारे नाहीत, तर ते तयार करू. तिथे तीन-तीन महिन्यांचे कोर्स डोंगरातच होतात. म्हणजे जगात हे सगळं नीट चालू आहे, तू काही वेडेपणा करत नाहीयेस.

पण डिग्री हातात आली म्हणजे ग्रुप न्यायची लायकी आली असं तिथेही कोणी धरत नाही. ब्रिटनमध्ये त्यासाठी माउंटन लीडर म्हणून वेगळी पात्रता आहे, ती युनिव्हर्सिटी देत नाही. तिचं ट्रेनिंग सहा दिवसांचं आणि परीक्षा पाच दिवसांची, ऐकायला सोपं वाटतं ना? आता ऐक. ट्रेनिंगला बसायच्या आधी तुझ्या लॉगबुकमध्ये डोंगरातले कमीत कमी २० चांगले दिवस लागतात आणि परीक्षेच्या आधी ४०. आणि ‘चांगला दिवस’ म्हणजे काय हे पण त्यांनी लिहून ठेवलंय : पाच तासांच्या वर चाललेली असली पाहिजेस, ठरवण्यात तुझा हात पाहिजे, वाट मळलेली नको, नकाशा बघून शोधावी लागलेली पाहिजे, आणि घरी येताना काहीतरी नवीन कळलेलं पाहिजे. कुणाच्या तरी मागे मागे ‘जय भवानी’ करत गेलेला दिवस त्यात धरत नाहीत.

म्हणून तुझे साठ ट्रेक परत मोज. बसून, वही घेऊन. राजमाची चार वेळा, कळसूबाई पाच वेळा, शिड्या चढून, रेलिंग धरून, पुढे लीडर, मागे स्वीप (म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा). किती वेळा ढोरवाट आणि खरी वाट यातला फरक तू स्वतः ओळखलास? धुक्यात सोंड (डोंगराची उतरत जाणारी धार) चुकली आणि तूच म्हणालीस थांबा, मागे फिरू, असं किती वेळा झालं? माझा अंदाज, साठातले सहा निघतील. सहा निघाले तरी वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या वयात माझे दोन पण निघाले नसते.

आता माझंच सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. मी तेविसाची होते, एका आयोजकासाठी बॅच घेऊन जायचे, बेचाळीस लोक, जुलै. जाताना ओढा घोट्याएवढा होता. परत येताना मांडीला लागला आणि रंग चहासारखा झालेला. मला कळत होतं. पण आमच्या आधीची एक बॅच समोरून आरामात पार गेलेली दिसली, शिवाय त्या वाटेने मी आठव्यांदा चाललेले, लोकांना लोकल पकडायची होती, आणि मुख्य म्हणजे सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं चला. तेहतीस जण गेले आणि मग पाणी एकदम चढलं, नऊ जण अलीकडे राहिले, मी पलीकडे. साडेतीन तास. मध्ये ओढा आणि आवाज पण जात नव्हता. कोणाला काही झालं नाही, पाणी उतरलं, शेवटची गाडी गेली, स्टेशनवर झोपलो. आयोजक नंतर म्हणाला, मस्त ॲडव्हेंचर झालं की. मी त्या माणसाचं काम सोडलं, पण खरी चूक त्याची नव्हती, माझी होती.

खूप वर्षांनी मला कळलं की माझ्या या चुकीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. इयन मॅककॅमन नावाच्या अमेरिकन माणसाने हिमस्खलनाचे सातशेहून जास्त अपघात तपासले आणि दाखवलं की ज्यांना धोका ओळखायचं शिक्षण मिळालंय ते पण अडकतात, कारण ओळखीची जागा असते, ठरवलेलं सोडवत नाही, दुसरे गेलेले दिसतात, लीडरला सगळं येतं असं सगळे धरून चालतात. वाचलं आणि मला तो ओढाच दिसला, बर्फाच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी. अशा कोर्समधून शिकायचं ते हे. दोराच्या गाठी तर मुंब्र्याच्या कातळावर दोन रविवारांत येतात.

तर जाऊ का? जा, पण आत्ता नाही. आत्ता बीएमएस पूर्ण कर (हसू नकोस, या धंद्यात बजेट आणि इन्शुरन्स कळणारी माणसं औषधाला सापडत नाहीत). सुट्टीत बेसिक माउंटेनियरिंग कोर्स कर, २८ दिवसांचा असतो. दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट) १९५४ची, तेनझिंगने एव्हरेस्ट चढल्यावर निघालेली, आणि उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग) १९६५ची. फी इंग्लंडच्या मानाने काहीच नाही पण जागा लवकर भरतात, वर्षभर आधी नंबर लाव. मी उत्तरकाशीला केला, रोज पाठीवर सॅक घेऊन टेखलाच्या कातळांपर्यंत चालत जायचं, तिथे मुंबईची सगळी मस्ती उतरते. बेसिकला ए ग्रेड मिळाली तर ॲडव्हान्स्ड करता येतो आणि त्याच्या पुढे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन असतो, शिकवायचं कसं हे शिकवणारा. तुला खरी गरज त्याची आहे.

मधल्या काळात कमर्शियल ग्रुपचं फुकट व्हॉलंटियरिंग कमी कर आणि एखाद्या जुन्या क्लबात जा. मुंबईत गिरिविहार १९५४पासून आहे, आणखीही आहेत. क्लबात तुला कोणी मॅडम म्हणणार नाही, उलट गाठ चुकली की सगळ्यांसमोर बोलणी बसतील, तेच पाहिजे. दूरच्या डोंगरातलं फर्स्ट एड वेगळं असतं, त्याचा मोठा कोर्स सत्तर-ऐंशी तासांचा आहे, तोही कर. आणि वही ठेव. तारीख, किती जण, वाट, पाऊस, काय ठरवलं, का ठरवलं, काय चुकलं. चाळीस चांगली पानं झाली की मला परत लिही, मग युनिव्हर्सिटीबद्दल बोलू, आणि मग तुला तिथे काय शिकायचंय हे तुझं तुलाच माहीत असेल.

प्रश्न : आमची मुलगी डोंगरात फिरण्याची डिग्री घ्यायला परदेशी जायचं म्हणते. तीन वर्षांचे राहण्याखाण्यासकट ऐंशी-नव्वद लाख होतात, मी रेल्वेत नोकरी केली, एवढे पैसे मी एकत्र बघितलेले नाहीत. पैशाचं सोडा, पण यात शिकण्यासारखं आहे तरी काय, चालायचं आणि परत यायचं. रागाने विचारत नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारतो. (एक वडील, भांडुप)

उत्तर : भांडुपहून एका आठवड्यात दोन पत्रं आली, आता ती एकाच घरातली आहेत का हे मी विचारणार नाही. वरचं उत्तर वाचलं असेल तर पैशाची काळजी निदान दोन-तीन वर्षं लांबली.

शिकण्यासारखं काय ते सांगते. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८९२ मध्ये एक हिशोब सांगितला, तो अजून जगभर वापरतात : सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्तीचा. म्हणजे आठ किलोमीटर वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर तीन तास सहा मिनिटं. हे झालं धडधाकट माणसाचं, न थांबता. आता त्यात मे महिना घाला, पस्तीस लोक घाला, त्यातल्या एकाला दमा आहे जो त्याने फॉर्मवर लिहिला नाही, एकाचा बूट फाटला, आणि दर अर्ध्या तासाला फोटो. मी दीडपट धरते, कधी दुप्पट. मग अंधार कधी पडतो, पाणी किती लागेल, किती वाजता शिखर दिसत असलं तरी मागे फिरायचं, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं. तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला टाइमटेबल म्हणजे काय ते मी काय सांगणार. इथे फक्त सिग्नल कोणी देत नाही.

आणि हे हौसेपुरतं राहिलेलं नाही. १९९३ मध्ये इंग्लंडला लाइम बेमध्ये शाळेची मुलं कयाकमधून समुद्रात नेली होती, चार मुलं गेली. त्यावरून १९९५ला तिथे कायदा झाला, अठराच्या खालच्या मुलांना अशा ठिकाणी नेणाऱ्या केंद्रांना परवाना लागायला लागला. आपल्याकडे पण २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. म्हणजे उद्या ज्यांच्याकडे शिक्षण आणि कागद आहेत त्यांना काम आहे, शाळांचे कॅम्प आहेत, कंपन्यांचे आउटबाउंड प्रोग्रॅम आहेत, कर्जत-कामशेत पट्ट्यात किती सेंटर्स झालीत बघा. पगार मात्र बँकेसारखा नाही, बरंचसं काम दिवसाच्या हिशोबाने, सीझनला दम खायला वेळ नाही आणि मधले महिने कोरडे. आणि डिग्री झाल्यावर इंग्लंडमध्येच राहायचं म्हणत असेल तर नोकरीच्या व्हिसाला जेवढा पगार दाखवावा लागतो तेवढा नवीन इन्स्ट्रक्टरला मिळणं कठीण, त्यामुळे ती परत येणार हे धरूनच हिशोब मांडा. कर्ज काढून तर अजिबात नको, हे मी तिलाही तोंडावर सांगेन. स्कॉलरशिप मिळाली तर गोष्ट वेगळी.

एक सुचवू का, रागवू नका. एक दिवस तिच्याबरोबर जा. मोठा डोंगर नको, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चाललात तरी चालेल. तिला म्हणा आज तू लीडर, मी पब्लिक. ती पाणी कधी प्यायला लावते, तुम्ही दमलात हे तुम्ही बोलायच्या आधी तिच्या लक्षात येतं का, बघा. नाही आलं तर तिला सांगा, तिच्या वहीत ते पान जाऊ दे.

प्रश्न : आमच्या दादरच्या सोसायटीचा पंचवीस जणांचा राजमाची ट्रेक ठरलाय, वय दहा ते अडुसष्ट, लीडर म्हणून मला उभं केलंय कारण मी कॉलेजात असताना एनसीसीत होतो. काय लक्षात ठेवू? (वय ४६)

उत्तर : एनसीसी होऊन पंचवीस वर्षं झाली, हे आधी लक्षात ठेवा. कर्जतकडून कोंडिवडेवरून चढ अंगावर येतो, अडुसष्टवाल्यांना घेऊन तिकडून नको. लोणावळ्याकडून लांब आहे पण चाल बरीचशी सरळ आहे, निम्मी वाट गाडीने झाली तर बघा. उधेवाडीत जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा, पंचवीस माणसं अचानक टपकली तर त्या माउलीने काय करायचं. आधीच्या रविवारी स्वतः जाऊन या, एकटे नको, कोणाला तरी घेऊन. कोण कुठल्या गोळ्या घेतं ते लिहून घ्या, लाजू नका. सेंट, परफ्यूम मारून कोणी येणार नाही, मधमाश्यांना ते चालत नाही. सगळ्यात शेवटी चालायला तुमच्यातला सगळ्यात शांत माणूस ठेवा आणि त्याच्या मागे कोणी राहणार नाही हा नियम करा. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा, स्वतःचं धरून, मी एकदा स्वतःला न मोजता अर्धा तास एक माणूस शोधत होते. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना पुढे सोडू नका, ते मीटिंगमध्येही कोणासाठी थांबत नाहीत.