खोली गार, पण चादर ओलसर! दमट हवेत एसी कोणता घ्यावा?

मार्च लागला की एसीचे प्रश्न येतातच. या वेळची बरीच पत्रं किनाऱ्याकडची आहेत, म्हणून ती एकत्रच घेतलीत.

प्रश्न (रत्नागिरी): आमची बेडरूम १० बाय १२ ची, स्लॅबचं घर, वर अजून एक मजला आहे. दुकानदार म्हणतो दीड टनच घ्या, पटकन गार होईल. पण नणंदेकडे एवढ्याच खोलीत दीड टन लावलाय, जुना, इन्व्हर्टर नसलेला (म्हणजे कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू नाहीतर बंद), आणि तिथे रात्री थंडी वाजते तरी अंग चिकचिकतं, चादर ओलसर लागते. तिचं मशीन बिघडलंय का?

उत्तर: मशीन ठणठणीत असणार ताई, फक्त खोलीच्या मानाने मोठं झालंय. एसीला दोन कामं असतात, हवा गार करायची आणि हवेतलं पाणी काढायचं. दुकानात सगळं बोलणं पहिल्या कामाचं होतं, आणि कोकणात खरा त्रास असतो दुसऱ्याचा. (गंमत म्हणजे विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलीनमध्ये पहिली यंत्रणा उभी केली ती एका छापखान्यासाठी, दमटपणाने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत म्हणून. माणसांच्या उकाड्याचा विचार नंतर झाला.)

आता होतं काय, तर बाहेर ३० डिग्री आणि दमटपणा ८० टक्के असेल तेव्हा दवबिंदू २६ च्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. एसीच्या आतली कॉइल (नळ्यांचं जाळं) तर खूपच गार, त्यामुळे तिच्यावर पाणी जमून ड्रेन पाइपने बाहेर जातं. पण त्यासाठी कॉम्प्रेसर सलग चालायला हवा ना. मोठा एसी छोट्या खोलीचं टेम्परेचर झटक्यात खाली आणतो आणि त्याचा कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलवरचं पाणी अजून निथळतंय तेवढ्यात, आणि आतला पंखा चालूच असल्याने तेच पाणी परत वाफ होऊन खोलीत येतं. मग आकडा दिसतो २२ आणि चादर ओली. माणूस वैतागून १८ वर नेतो, थंडी वाढते, चिकचिक तशीच.

आणि पाणी काढणं हे काही फुकटात होत नाही. १ लिटर पाणी हवेतून काढायला साधारण ०.६८ युनिटएवढी उष्णता ओढावी लागते. १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तासाला साडेतीन युनिट उष्णता ओढायची ताकद, म्हणजे तासाला लिटरभर पाणी निघत असेल तर एक टनाच्या एसीची जवळपास पाचवा हिस्सा ताकद नुसती त्यात जाते. ड्रेन पाइपखाली तासभर बादली ठेवून बघाच, एसी खरं काम करतोय का ते तिथेच कळतं.

तुमच्या खोलीला १ टन पुरे, तोही इन्व्हर्टर. वर गच्ची असती किंवा पश्चिमेची भिंत दुपारभर तापत असती तर मी पण दीडच म्हटलं असतं. अजून एक, नुसत्या टनावर जाऊ नका, स्टिकरवर वॅटमध्ये क्षमता लिहिलेली असते ती वाचा. पक्का दीड टन म्हणजे ५,२०० वॅटच्या वर, पण ४,८०० वाला पण दीड म्हणूनच विकतात.

प्रश्न (वसई): इन्व्हर्टर एसी घेतलाय तरी जुलैमध्ये खोली कोंदट वाटते. ड्राय मोडचा खरंच उपयोग होतो की नुसतं बटण आहे?

उत्तर: होतो. ड्राय मोडमध्ये पंखा हळू होतो, हवा कॉइलजवळ जास्त वेळ राहते, पाणी जास्त निघतं आणि खोली फार गारठत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या रात्रींना हाच मोड बरा. मे महिन्याच्या दुपारी मात्र कूलवरच ठेवा, तेव्हा ड्राय पुरा पडत नाही. इन्व्हर्टरची एक खोड लक्षात घ्या, सेट केलेलं टेम्परेचर आलं की कॉम्प्रेसर मंद होतो, मग कॉइल तेवढी गार राहत नाही आणि पाणी काढणं जवळपास थांबतं. म्हणून पंखा ऑटोवर न सोडता लो वर ठेवा, २५-२६ लावा, वर सीलिंग फॅन एक नंबरवर. साधं दमटपणा मोजायचं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ५० ते ६० टक्के दिसलं की बास.

आणि एक विचारतो, रागावू नका, पावसाळ्यात कपडे त्याच खोलीत वाळत घालता का? बहुतेक घरांत घालतात, आणि मग एसी रात्रभर त्या चादरी-पॅंटींचं पाणी काढत बसतो. बाथरूमचं दार उघडं असेल तर तेही तसंच.

प्रश्न (डोंबिवली): थ्री स्टार की फाइव्ह स्टार? फरक आठ हजारांचा आहे.

उत्तर: हिशोब करू. स्टिकरवर वर्षाचे युनिट असतात, ते १,६०० तास वापर धरून काढलेले. समजा दोन मॉडेलमध्ये २०० युनिटचा फरक आहे. तुम्ही रात्री आठ तास, वर्षातले शंभर दिवस लावत असाल तर झाले ८०० तास, म्हणजे फरक उरला अंदाजे १०० युनिटचा. दहा रुपये युनिट धरा, वर्षाला हजार रुपये, आठ हजार वसूल व्हायला आठ वर्षं. घरात आजी-आजोबा दिवसभर असतील, किंवा घरून काम चालत असेल, तर फाइव्ह डोळे झाकून घ्या. नाहीतर थ्री स्टार इन्व्हर्टर घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या फिटिंगवर घाला. तुलना करताना दोन्ही स्टिकर एकाच काळातले आहेत ना ते बघा कारण स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, जुना फाइव्ह नव्या हिशोबात खाली उतरतो. स्टिकरवरचा ISEER (एका युनिट विजेत किती गारवा मिळतो त्याचा आकडा) जास्त तो चांगला.

प्रश्न (मालवण): घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. बाहेरचं युनिट तीन-चार वर्षांत सडतं असं सगळे म्हणतात. काय बघून घ्यावं?

उत्तर: खारा वारा लागला की सडणारच, आपण ते लांबवू शकतो एवढंच. कॉइल तांब्याच्या नळीची घ्या, फिनवर (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांवर) गंजरोधक कोटिंग असलेली, म्हणजे गळती झाली तरी तालुक्याचा मेकॅनिक ब्रेझिंग करून (डाख लावून) देऊ शकतो. वॉरंटी कार्डात गंजण्याबद्दल काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा, बारीक अक्षरातलं पण. युनिट समुद्राच्या बाजूला न लावता घराच्या आडोशाला लावा, पण हवा कोंडेल अशा कोनाड्यात नको. लोखंडी स्टँड रंग मारूनही टिकत नाही, गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या, नटबोल्ट पण स्टेनलेसचे. आणि एसीचा सीझन असताना दर महिन्याला वीज बंद करून गोड्या पाण्याने कॉइल धुवा, साध्या पाइपने, जोराच्या प्रेशरने नको, फिन वाकतात.

फिटिंगला माणूस आला की समोर उभं राहून, नळीतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देणारे बरेच आहेत, आणि तुमच्याकडची हवा तर ओलीच, ती नळीत राहिली की पुढे दुखणं कॉम्प्रेसरला.

प्रश्न (पणजी): नागपूरचे दीर म्हणतात एसी कशाला, वाळ्याचा मोठा कूलर घ्या. चालेल?

उत्तर: नागपुरात झकास चालतो, पणजीत नाही. कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो, तुमच्या हवेत आधीच वाफ भरलेली, अजून कुठे मावणार.

प्रश्न (गुहागर): कौलारू घर आहे, खाली छत नाही. एका खोलीत एसी लावता येईल?

उत्तर: आत्ता नको. कौलांच्या फटीतून बाहेरची दमट हवा सतत आत येत राहणार आणि दोन टन लावला तरी तो हरणार. आधी त्या खोलीला लाकडी माळा किंवा जिप्समचं छत करून घ्या, काचेच्या पट्ट्यांची खिडकी असेल तर ती बदलून सरकती करा आणि दाराखालची फट बंद करा. छत नऊ फुटांवर आलं की मग मापं पाठवा, टन तेव्हा ठरवू.